दोन काळांच्या सांध्यावरचा वाडा : शनिवार पेठेतल्या कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४

शनिवार पेठेतल्या वाड्याचं काम आज हाती घेतलं. कुटुंबाला दुरुस्ती करायची आहे आणि प्रस्तावासोबत वाड्याच्या वारसा-महत्त्वाचं टिपण जोडायचं आहे. टिपण माझ्याकडे. मोजणी आणि नकाशे दोघी विद्यार्थिनी करणार. लाकडाची तपासणी मी आणि मिस्त्री मिळून करू.

वाडा दुमजली, वर माळा. रस्त्याला लागून ओटा, दिंडीचा दरवाजा, मग ढेलज म्हणजे दरवाजाआतली देवडी, चौक, चौकाभोवती ओसरी, मागे माजघर आणि परसात आड. इथवर सगळं जुन्या चालीचं. पण ढेलजेवरचा रस्त्याकडचा मजला पाहिला की काळ बदललेला कळतो. तिथे बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, ब्रॅकेटांवर पेललेली गॅलरी, बिडाचा जाळीदार कठडा, दारांवर रंगीत काचांची अर्धगोल तावदानं, पुढे झालर आणि वर मंगळुरी कौलं आहेत.

थोरल्या दादांचं म्हणणं स्पष्ट आहे. "पुढचं हे इंग्रजी सगळं उतरवू. आत आहे तसंच बाहेर करू, म्हणजे वाडा पेशवेकालीन दिसेल." मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी वाडा काय सांगतो ते पाहायचं. पण टिपणाचा सगळा भार याच प्रश्नावर येणार हे पहिल्याच दिवशी दिसतंय.

१५ फेब्रुवारी

मोजणी सुरू. मागच्या भागातले खण, म्हणजे दोन खांबांमधले गाळे, साधारण पाच-साडेपाच फुटांचे, सगळीकडे एकसारखे. पुढच्या गाळ्यात खांबांमधलं अंतर एकदम नऊ फुटांवर जातं. जुन्या सुताराला खण ठरवताना हाताशी असलेल्या लाकडाची लांबी-जाडी बघावी लागे. खण ठरला की खोलीची रुंदी, दाराची जागा, कोनाड्यांची रांग त्यातून आपोआप येई. पुढच्या गाळ्यात हे गणित मोडलंय, कारण तिथे तुळईच्या जोडीला लोखंडी गर्डर आहे.

सांगाडा सगळा सागवानी. घडीव दगडाचं जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. भिंती विटांच्या, पण वजन खांबांवर. वीट मधली जागा भरते. म्हणून पुण्यात अशा वाड्यांना दगडविटांची घरं म्हणण्यापेक्षा लाकडी घरं म्हणणं जास्त खरं. भिंत उतरवून पुन्हा बांधता येते. खांबाचा पाय कुजला तर सगळंच धोक्यात येतं.

१९ फेब्रुवारी

आज फक्त लाकडाच्या पृष्ठभागाकडे पाहिलं. बॅटरी भिंतीला चिकटवून तिरका उजेड टाकला की हत्यारांच्या खुणा उठून दिसतात. माजघरातल्या तुळईवर वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीने, तासल्याच्या खुणा आहेत, एकावर एक चढलेले उथळ खवले, प्रत्येक साधारण दोन बोटं रुंद. तासणारा उजव्या हाताचा होता, इतपत कळतं. पुढच्या गॅलरीच्या कड्यांवर मात्र बारीक, समान अंतरावरच्या कमानदार रेघा आहेत. त्या गोल करवतीच्या, म्हणजे यंत्रावर चिरलेलं लाकूड. मागे सांध्यांना लाकडी खुंट्या आणि घडीव चौकोनी खिळे, पुढे तारेचे गोल खिळे.

मिस्त्रींनी पुढची तुळई टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपली. "ताई, हा साग इकडचा वाटत नाही. एवढी लांबी आणि एक गाठ नाही. ब्रह्मी असणार." तसं असेल तर ते काळाशी जुळतं. दुसऱ्या ब्रह्मी युद्धानंतर, १८५२ पासून खालचा ब्रह्मदेश इंग्रजांकडे गेला, १८६३ मध्ये बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन उभी राहिली आणि तिकडचा साग मुंबई बंदरात उतरू लागला. त्याच १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. त्याआधी घाट चढून अवजड माल आणायचा तर बैलांवरच भिस्त होती. लांब तुळया, गर्डर, बिडाचं ओतकाम, काचा आणि कौलं पुण्याच्या पेठांत येऊ लागली त्यामागे हा घाटातला रूळ आहे, आणि या वाड्याचं पुढचं अंग त्या रुळाशिवाय उभं राहिलं नसतं.

२१ फेब्रुवारी

माळ्यावर चढलो. मागच्या भागाचं आढं मधल्या खांबांवर टेकलेलं, वासे थेट आढ्यावर. पुढे मात्र कैची, म्हणजे छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट आहे, लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट लावलेली. एकाच छपराखाली दोन पद्धती आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे सुताराने जुन्या वाशांची टोकं कापून कैचीवर नीट खाच पाडून बसवली आहेत. कुठेही ठोकाठोकी नाही.

गर्डरवरचा रंग थोडा खरवडल्यावर उठावाची अक्षरं निघाली : डॉर्मन लाँग, मिडल्सब्रो. ही कंपनी १८७५ ची आणि पोलादी गर्डर त्यांच्याकडे १८८० च्या दशकात होऊ लागले. पुढचं अंग त्याच्या आधीचं असू शकत नाही.

एका कौलावर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ हा आकडा. शेजारच्यांनी याच आकड्यावरून वाड्याचं वय ठरवून टाकलं होतं. १८६५ हे मंगळूरला मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. तो आकडा पुढे कित्येक वर्षं कौलांवर छापला जात राहिला. कौलावरून वाड्याचं वय ठरत नाही. पण इथे पूर्वी नळीची कौलं होती हे नक्की, मागच्या वळचणीला त्यातली काही अजून रचून ठेवलेली आहेत. नळीच्या कौलांची दर उन्हाळ्यात शाकारणी करावी लागायची, मांजर चाललं तरी ती सरकायची. खाचेत बसणारं मंगळुरी कौल आलं आणि घरमालकाचं दर वर्षीचं एक मोठं काम हलकं झालं. घर बदलण्यामागे हौस असते तशी अशी साधी सोयही असते.

२६ फेब्रुवारी

आजची नोंद लांब होणार.

गॅलरीखालचे ब्रॅकेट एकेक करून साफ करायला घेतले. सगळ्यांवर हिरव्या ऑइलपेंटचे थरावर थर, त्यामुळे खालून पाहिलं तर सगळे सारखेच. बिडाचा नमुना ओळखीचा आहे, एक मोठा वेल वळून परत स्वतःकडे येतो आणि मधल्या पोकळीत पानांचा झुबका. उत्तरेकडच्या शेवटच्या ब्रॅकेटवर मिस्त्रींनी खरवडणी टेकवली आणि थांबले. आवाज वेगळा आला. बोटाने ठोकून पाहिलं, चुंबक लावलं. चुंबक चिकटेना. रंगाखाली साग.

दुपारभर तो एकच ब्रॅकेट उघडत बसलो. शेवटचा खण इतरांपेक्षा सुमारे आठ इंच अरुंद आहे, कारण शेजारच्या वाड्याची भिंत तिरकी आत येते. ओतीव ब्रॅकेट ठरलेल्या मापाचा असतो, तो कापून लहान करता येत नाही. सुताराने मग सागाच्या एका जाड फळीतून तोच नमुना कोरून काढला. वेल तसाच, वळण तसंच, फक्त अरुंद जागेत बसेल एवढं उभट. आणि मधल्या पोकळीत, जिथे बिडात परदेशी पानांचा झुबका आहे, तिथे त्याने केळफूल कोरलं. चौकातल्या महिरपींच्या टोकाला जे केळफूल लोंबतं, अगदी तेच. पाकळ्यांची संख्या तीच, आणि खालच्या टोकाचा छोटा मणीही तसाच.

पाकळीच्या आत पटाशीच्या पात्याच्या खुणा अजून ताज्या वाटाव्यात इतक्या स्पष्ट आहेत. मागची बाजू, जी कुणालाच दिसणार नव्हती, तीही रंधून गुळगुळीत केलेली. वरच्या अंगाला, तुळईला टेकतो तिथे बोल्ट नाही. खाचेत बसवून आरपार खुंटी मारलेली आहे, माजघरात आहे तशी. शेजारच्या बिडाच्या ब्रॅकेटला बोल्ट, याला खुंटी.

मी या शहरात पुष्कळ वाडे पाहिले आहेत. जुनी सुतारकी आणि नवं ओतकाम एकाच माणसाच्या हातात कसं भेटलं याचा इतका नेमका पुरावा माझ्या पाहण्यात नाही. पुढचं अंग मुंबईच्या कुणा कंत्राटदाराने आणून चिकटवलेलं असेल असं गृहीत धरायची आपली सवय आहे. हा ब्रॅकेट सांगतो की ते काम चौकातल्या महिरपींची परंपरा जाणणाऱ्या सुतारानेच केलं. त्याने नव्या वस्तूंना दार उघडलं, आणि त्या कमी पडल्या तिथे आपलं ज्ञान वापरलं.

२९ फेब्रुवारी

कुटुंबाकडे मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्यांचं एक बासन आहे. मोडी वाचणारे एक निवृत्त शिक्षक आले होते. एका वहीत वाड्याच्या कामाचा खर्च सापडला. सुतारांची मजुरी, कातारी (लाकूड चरकावर कातणारा) वेगळा, "मुंबईहून कौले", रेल्वेचं भाडं, स्टेशनापासून गाडीभाडं. रकमा आणि कामं यांची यादी टिपणाला जोडायची, पानांची छायाचित्रं काढून ठेवली. कातारी वेगळा लिहिलाय, म्हणजे जिन्याच्या कठड्याच्या कातीव दांड्या याच कामातल्या. त्या आधी केव्हा तरी बसवल्या असतील असा माझा अंदाज होता, तो वहीने बाजूला सारला.

५ मार्च

तुलनेसाठी विश्रामबागवाडा आणि नानावाडा पुन्हा पाहिले.

विश्रामबाग दुसऱ्या बाजीरावाचा, १८०७ चा. त्याची कोरीव लाकडी गॅलरी रस्त्याकडेच तोंड करून आहे. तेव्हा रस्त्याकडे उघडणारा सज्जा इंग्रजांनी आणला असं म्हणता येणार नाही. पेशवाईच्या शेवटी पुण्याला तो माहीत होता. आपल्या वाड्यात बदलली ती त्यामागची सामग्री, आणि तिच्यामुळे खांबांमधलं अंतर, उजेडाची मात्रा आणि गॅलरीचा वापर. विश्रामबागेत सुरूच्या आकाराचे खांब दाट उभे आहेत. इथे गॅलरी जवळजवळ मोकळी, खाली बिडाचे हात. आतल्या दिवाणखान्यात दुपारी तीनलाही दिवा लावावा लागत नाही.

नानावाडा वेगळ्या अर्थाने उपयोगी आहे. तिथे नाना फडणविसांच्या काळचा लाकडी भाग आणि त्याला लागून इंग्रजी अमदानीतली दगडी इमारत असे दोन काळ शेजारी उभे आहेत. आपल्या वाड्यात ते एकमेकांत शिरलेले आहेत.

शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला आणि लाकूड सगळं गेलं. आज जे पाहायला लोक जातात ते जोतं, तट आणि दरवाजे. पेशव्यांच्या शहरात पेशव्यांच्या काळचं लाकूड फार थोडं उरलं, म्हणून जे काही जुनं दिसेल त्याला पेशवेकालीन म्हणावं अशी ओढ लोकांना असते. ती मला कळते. पण या ओढीपायी १८१८ नंतरची शंभर वर्षं आपण मोजतच नाही. पुणं त्या शंभर वर्षांत आजचं पुणं झालं. १८५७ मध्ये नगरपालिका, खडकवासल्याचं धरण आणि नळाचं पाणी, शाळा-महाविद्यालयं, छापखाने, वर्तमानपत्रं, सभा. त्या काळातल्या मध्यमवर्गाची घरं अशाच वाड्यांत होती. मागे सोवळंओवळं सांभाळणारं माजघर, पुढे पाहुण्यांसाठी काचेच्या तावदानांचा दिवाणखाना. त्या माणसांचं घडणं समजून घ्यायचं तर हा मधला काळ ज्या घरांत दिसतो ती घरंच पाहायला हवीत.

११ मार्च

घरातल्या आत्याबाई आज खाली येऊन बसल्या. वय ऐंशीच्या पुढे. "अगं, पानशेत फुटलं तेव्हा मी कॉलेजात होते. त्या ढेलजेतल्या खांबाजवळ ये, दाखवते." खांबावर, त्यांच्या खांद्याच्या जरा वर, लाकडात एक फिकट आडवी रेघ आहे. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं त्या दिवसाच्या पुराची. पाणी उतरल्यावर चौकाच्या दक्षिणेची भिंत बसली, कच्च्या विटा विरघळल्या. पण वरचा मजला जागचा हलला नाही, कारण खांब आणि तुळया उभ्या होत्या. शेजारचे किती वाडे गेले ते त्या बोटांवर मोजत होत्या.

नंतरची भिंत पक्क्या विटांची आणि सिमेंटची. टिपणात ही रेघ घ्यायची. दुरुस्तीत तो खांब पॉलिश करायचा नाही.

१४ मार्च

भाडेकरूंच्या खोल्यांची मोजणी झाली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानंतर पुण्यातल्या बहुतेक वाड्यांचं जे झालं तेच इथलं : जुनं भाडं गोठलेलं, दिवाणखान्याचे फळ्या मारून तीन भाग, दुरुस्तीला पैसा नाही. पण फळ्या मारताना कुणी तावदानं काढली नाहीत, त्यामुळे ती वाचली.

२२ मार्च

कुटुंबाची बैठक. हिची तयारी मी नीट केली होती, कारण आज निर्णय व्हायला हवा होता.

दादांचा मुद्दा प्रामाणिक आहे. बिडाला भेगा, गर्डर गंजलेला, काही तावदानं फुटलेली. हे सगळं दुरुस्त करायला जेवढा खर्च, तेवढ्यात नवीन कोरीव सागवानी सज्जा होईल, आणि लोकांना तो आवडेल. धाकट्या वहिनींना तावदानं हवी आहेत, लहानपणापासूनची आवड. कठड्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मी आधी वास्तुसंवर्धनाच्या व्हेनिस सनदेचं ११ वं कलम समजावून सांगितलं. १९६४ ची ही सनद म्हणते की इमारतीत सर्व काळांनी घातलेली मोलाची भर जपावी, एकसंध शैली साधणं हा जीर्णोद्धाराचा हेतू नाही. लाकडी वारशाबद्दलची इकोमॉसची, म्हणजे वारसास्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची, तत्त्वं २०१७ मध्ये दिल्लीतच संमत झाली, त्यातही हाच रोख आहे. पण दादांना सनदेपेक्षा ब्रॅकेट जास्त पटला. त्यांना गॅलरीखाली नेलं, शिडीवर चढवलं आणि केळफूल दाखवलं. ते बराच वेळ शिडीवर होते.

मग माझं म्हणणं मांडलं. नवा कोरीव सज्जा या वाड्यात कधीच नव्हता. तो केला तर २०२४ चं काम १७९० चं म्हणून मिरवेल, आणि खरं १८९० च्या सुमाराचं काम भंगारात जाईल. बदल्यात मिळेल ते पुण्यात इतरत्र अधिक चांगलं, अस्सल उपलब्ध आहे. जाईल ते पुन्हा मिळणार नाही.

दादा म्हणाले, "मग गळतीचं काय?" हा प्रश्न रास्त आहे. गळती कौलांमुळे नाही, जुन्या आणि नव्या छपरांच्या सांध्यावरचा पन्हळ फुटल्यामुळे आहे. तो तांब्याचा करायचा.

ठरलं : पुढचं अंग राहणार.

३० मार्च

टिपणाच्या मुख्य परिच्छेदाचा मसुदा, जसा जोडणार आहे तसा :

"हा वाडा पुण्याच्या निवासी वास्तुकलेतील संक्रमणकाळाचा लाकडी सांगाड्याचा नमुना आहे. मागील भागात खणांच्या मापावर उभी पारंपरिक चौकाची रचना आहे. पुढील भागात १८८० च्या दशकानंतरची पोलादी व बिडाची सामग्री, यंत्रावर चिरलेले लाकूड, कैचीचे छप्पर व मंगळुरी कौले आहेत. दोन्ही भाग एकाच सुतारी परंपरेने जोडले आहेत. उत्तरेकडील कोरीव सागवानी ब्रॅकेट, माळ्यावरील वासे व कैची यांचा सांधा, आणि जिन्यातील कातीव कठडा हे त्याचे थेट पुरावे आहेत. वाड्याचे महत्त्व मागील किंवा पुढील भागात स्वतंत्रपणे नसून त्यांच्या परस्परसंबंधात आहे. कोणताही एक भाग दुसऱ्यासारखा करण्याने हे महत्त्व नष्ट होईल."

याखाली पुराची रेघ, मोडी वही, आणि भाडेकरूंच्या वापराचा थर यांच्या नोंदी. वारसा-यादीतल्या श्रेणीबद्दल मी तिसरी सुचवत नाही. तिसरी श्रेणी रस्त्याच्या एकूण रूपात भर घालणाऱ्या इमारतींना असते, आणि त्यात आतल्या बदलांना बरीच मोकळीक मिळते. इथे मोलाचे सांधे आत आहेत. दुसरी श्रेणी मागितली आहे.

८ एप्रिल

नमुना-दुरुस्ती : ढेलजेतला डावा खांब. तळखड्यापासून दीड फुटापर्यंत लाकूड कुजलेलं, ओलाव्याचा आकडा २४ टक्के. वीसच्या वर लाकूड राहिलं की बुरशीला मोकळं रान मिळतं. कारण शोधायला वेळ लागला नाही. पुरानंतरचं सिमेंटचं प्लास्टर खांबाला लागून आहे, जमिनीतून चढलेली ओल त्यामागे अडकते. प्लास्टर फूटभर उतरवलं, तिथे चुना करायचा.

खालचा कुजका भाग कापून नवा तुकडा जोडायचा. टिंबर मार्केटमधून उतरवलेल्या वाड्याचं जुनं सागवान आणलंय, पुरेसं वाळलेलं. मिस्त्रींनी सांधा तिरका घेतला, दोन्ही तुकड्यांना एकमेकांत अडकणारी पायरी आणि आडव्या दोन खुंट्या. लोखंडी पट्टी लावू का असं मी विचारलं. "लागणार नाही, ताई. वजन सरळ खाली येतंय, सांधा उलट घट्ट होईल." नव्या तुकड्यावर मागच्या बाजूला साल कोरून ठेवलं, पुढच्या माणसाला कळावं म्हणून.

१९ एप्रिल

प्रस्ताव टिपणासह दाखल केला. सुनावणीची वाट पाहायची, तोवर परवानगी न लागणारी देखभालीची कामं.

पावसाआधी एवढं उरकायचं आहे : सांध्यावरचा पन्हळ, फुटकी कौलं बदलणं, त्यासाठी त्याच मापाची जुनी कौलं दोन ठिकाणी बघून ठेवली आहेत, गर्डर तारेच्या ब्रशने साफ करून रेड ऑक्साइड, बिडाच्या कठड्याच्या भेगा ओतकामाचं वेल्डिंग जाणणाऱ्याकडूनच, साध्या वेल्डरला हात लावू द्यायचा नाही, बीड तडकतं. सागवानी ब्रॅकेटवर रंग चढवायचा नाही, जवसाचं उकळलेलं तेल. दादांनी स्वतः विचारलं की बाकीचे ब्रॅकेट पुन्हा हिरवेच करायचे का. खालच्या थरांचे नमुने विद्यार्थिनींनी काढले आहेत, सगळ्यात खाली गडद तपकिरी निघाला. तोच करू.

मिस्त्री सोमवारपासून पागोळीकडच्या रिपा उघडायला सुरुवात करणार आहेत.